आधी बोंजूर, मग काम : लियोंमधले पहिले वर्ष

२७ ऑगस्ट २०२३ रोजी, रविवारी दुपारी, लियोंच्या पार-दिए स्थानकावर मी दोन बॅगा आणि कागदपत्रांची एक निळी फाइल घेऊन उतरले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्रान्समधले माझे पहिले निवासकार्ड हाती आले. मधल्या साडेतेरा महिन्यांत घर, बँक, आरोग्यविमा, घरभाड्याचे अनुदान आणि शेवटी मुक्कामाचे नूतनीकरण अशा सगळ्या पायऱ्या मी एकटीने चढले, आणि त्याच काळात फ्रेंच माणसांमध्ये रोज कसे वागायचे हेही शिकत गेले. सुरुवातीला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. कार्यालयातली अडचण निराळी आणि शेजारपाजारचा संकोच निराळा. हळूहळू लक्षात आले की दोन्हीकडे रीत एकच आहे. साताऱ्याहून निघण्यापूर्वी हे कोणी सांगितले असते तर पहिले दोन-तीन महिने इतके धास्तीत गेले नसते, म्हणून हा अनुभव जसा घडला तसा, तारखा आणि खर्चासह लिहून ठेवत आहे.

माझी खरी तयारी मे महिन्यात जन्मदाखल्यापासून सुरू झाली. घरात जपून ठेवलेला जुना दाखला फक्त मराठीत होता, म्हणून नगरपालिकेतून मराठी-इंग्रजी असा नवा दाखला काढला. त्यावर आधी मंत्रालयातून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन, घ्यावे लागले. अपोस्टिलचे सरकारी शुल्क केवळ ५० रुपये आहे, परंतु एजन्सीची फी, मुंबईच्या खेपा आणि कुरिअर धरून मला अडीच हजारांच्या आसपास खर्च आला आणि तीन आठवडे लागले. फ्रान्समध्ये या दाखल्याचे काय महत्त्व आहे याची तेव्हा कल्पना नव्हती. विद्यापीठाला तो लागला नाही, व्हिसालाही लागला नाही. मात्र आरोग्यविम्याचा कायमचा क्रमांक त्याशिवाय मिळत नाही. भारतात असताना अपोस्टिल जरूर करून घ्यावे, पण फ्रेंच भाषांतर तिथे करून घेण्याची घाई करू नये. फ्रान्समध्ये न्यायालयाच्या यादीवर असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचेच भाषांतर सर्वत्र निर्धास्तपणे चालते. मला एका पानाला ४० युरो पडले.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र दुसऱ्या ओळीत असते. फ्रेंच पद्धतीत त्या दुसऱ्या ओळीतली सगळी नावे माझीच समजली जातात. त्यामुळे विद्यापीठाच्या ओळखपत्रापासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे मी माझ्या नावापुढे ‘दत्तात्रय’ हे वडिलांचे नाव धारण करून आहे. पहिल्या आठवड्यात एका खिडकीवर मी केवळ स्वतःचे नाव आणि आडनाव लिहून दिले, तेव्हा माझी नोंद सापडेना. त्यानंतर एकच नियम पाळला : पासपोर्टमध्ये आहे तेच, त्याच क्रमाने, प्रत्येक अर्जावर. जन्मदाखल्यावरच्या नावाच्या ओळीत वडिलांचे नाव नसेल, तर ही रीत समजावणाऱ्या दोन ओळी फ्रेंचमध्ये लिहून दाखल्यासोबत जोडाव्यात. माझ्या अर्जाला त्याचा उपयोग झाला.

विद्यापीठाच्या नोंदणीआधी विद्यार्थी-जीवनासाठीचे १०० युरोंचे अनिवार्य शुल्क ऑनलाइन भरून त्याची पावती घेतली. घरासाठी जामीनदार लागतो आणि फ्रान्समध्ये आपले कोणी नसते. त्यावर उपाय म्हणजे व्हिझाल ही मोफत हमी. व्हिसा हातात पडताच मी साताऱ्यातूनच तिचा अर्ज केला आणि घराच्या करारापूर्वीच ती मंजूर झाली. करारानंतर अर्ज केला तर उपयोग नसतो, हे ध्यानात असू द्यावे.

लियोंला लागून असलेल्या व्हिलरबानमध्ये ४८० युरो भाड्याची एक खोली मला मिळाली. सोमवारी सकाळी घरमालकांच्या प्रतिनिधी आल्या आणि आम्ही दोघींनी तासभर त्या अठरा चौरस मीटरच्या खोलीची पाहणी केली. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, नळाची गळती, खिडकीची कडी, सगळे लेखी नोंदवून दोघींनी सह्या केल्या. इतक्या बारकाईची मला सवय नव्हती आणि आपण अविश्वास दाखवत आहोत असे वाटून मी दोन गोष्टी बोललेच नाही. त्या बाईंनीच मला थांबवून सांगितले की लिहून ठेवले तर दोघींचेही भले आहे, आणि नंतर काही आढळले तर दहा दिवसांच्या आत कळवता येते. भाड्याच्या घराचा विमा बंधनकारक असतो. तो मी वर्षाला ५५ युरोंत घेतला. निघताना त्या म्हणाल्या, ‘आजच टपालपेटीवर नाव लावा.’ मी मान डोलावली आणि विसरून गेले.

बुधवारी, ३० तारखेला, बँकेत गेले. रात्री आरशासमोर उभी राहून ‘मला विद्यार्थी म्हणून खाते उघडायचे आहे’ हे वाक्य मी वीस वेळा म्हणून पाहिले होते. काउंटरजवळ जाऊन ते नीट, एकही चूक न करता म्हटले. समोरच्या तरुणाने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार. मला वाटले, ऐकू गेले नसावे. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. तो पुन्हा म्हणाला, ‘बोंजूर, मादाम.’ मग माझ्याही तोंडून बोंजूर निघाले, आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा सैल झाला. खुर्ची दाखवून त्याने कागदपत्रांची यादी काढली आणि पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल हे सावकाश समजावून सांगितले. मी मात्र बाहेर पडले ती कानकोंडी होऊन. आपले काय चुकले हे मला कळलेच नव्हते.

ते कळले दोन दिवसांनी, घराजवळच्या बेकरीत. सकाळी पावणेआठला सहा-सात माणसांची रांग होती. एक वृद्ध गृहस्थ आत आले आणि दारातूनच सगळ्यांना उद्देशून ‘बोंजूर मेस्यू-दाम’ म्हणाले. रांगेतल्या दोघा-तिघांनी मान न वळवता उत्तर दिले. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला नव्याने बोंजूर म्हणत होती. आधीच्या गिऱ्हाइकाला म्हटलेले पुढच्याला लागू होत नव्हते. त्यांनी बोंजूर म्हटले, तिने म्हटले, मग पाव मागितला, मग ‘सिल् व्हू प्ले’, म्हणजे कृपया, मग पैसे, मग मेर्सी, म्हणजे आभार, आणि निघताना ‘बॉन जुर्ने’, म्हणजे दिवस चांगला जावो. रांग मोठी असूनही यातला एकही शब्द कोणी गाळला नाही. पाव मागण्याचे वाक्य या सगळ्यात सर्वांत छोटे होते.

त्या दिवसापासून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. साताऱ्यात वाण्याच्या दुकानात शिरून आपण ‘काका, एक किलो तांदूळ द्या’ म्हणतो, तेव्हा नमस्कार कुठेच नसतो, पण ‘काका’ असतो. नाते जोडले की सगळे आले. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, बँकेतले साहेब. फ्रेंच माणूस अनोळखी व्यक्तीशी नाते जोडत नाही. तो आधी त्या व्यक्तीची दखल घेतो. बोंजूर म्हणजे ‘तुम्ही इथे आहात हे मी पाहिले आहे’. ते न म्हणता मागणी केली, तर समोरच्याला आपण माणूस नसून यंत्र आहोत असे वाटते. यात तुसडेपणा नाही. आपल्याकडे अनोळखी काकूंना कोणी सरळ नावाने हाक मारली तर त्यांना जसे लागेल, तसेच हे आहे. डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत शिरतानाही तिथे बसलेल्या अनोळखी माणसांना बोंजूर म्हणायचे असते, आणि संध्याकाळ झाली की त्याचे बोंस्वार होते.

बँकेचे खाते १५ सप्टेंबरला सुरू झाले. दरम्यान एका दुसऱ्या बँकेने पत्त्याचा पुरावा अपुरा म्हणून मला परत पाठवले होते. अशी वेळ कोणावर आली तर नकार लेखी मागून घ्यावा. त्या कागदाच्या आधारे बांक द फ्रान्सकडे अर्ज करता येतो आणि ती एखादी बँक नेमून देते. खात्याच्या तपशिलाचा जो कागद मिळतो, त्याला इथे रिब म्हणतात, आणि भाडे, वीज, विमा, अनुदान सगळीकडे तो मागतात. त्याच्या पाच प्रती जवळ असाव्यात. ९ सप्टेंबरला व्हिसाची ऑनलाइन नोंदणी केली. फ्रान्समध्ये आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती करावी लागते, मला तेव्हा ५० युरोंचा मुद्रांक लागला, आणि मिळालेली पावती पुढे वर्षभर व्हिसाच्या जोडीने दाखवावी लागते. मी थेट पॅरिसमध्ये उतरल्यामुळे पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का फ्रान्सचाच होता. ज्यांचे विमान दुसऱ्या युरोपीय देशातून येते त्यांनी फ्रान्सला पोहोचल्याचे तिकीट टाकून देऊ नये.

हाताने फॉर्म भरताना अंक जपून लिहावेत. फ्रेंच लोक १ ला वरून लांब तिरकी रेघ देतात आणि ७ च्या मध्ये आडवी रेघ मारतात. रेघ नसलेला माझा ७ एकदा १ वाचला गेला आणि फोन क्रमांक चुकला. बोलण्यातल्या संख्या आणखी कठीण. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. वर्गातले इतर परदेशी विद्यार्थी यावर वैतागत, पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यात लहानपणी चाचपडलेल्या माणसाला ते समजून घेणे जड जात नाही. फोन क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगतात, म्हणून शंभरपर्यंतच्या संख्या आधी पक्क्या कराव्यात.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि जेवणाची रीत कळली. बारा वाजले की प्रयोगशाळेतले सगळे उठत. मी पहिल्या आठवड्यात डबा टेबलावरच उघडला, तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या की इथे जेवायचे नाही, आमच्याबरोबर चल. कामाच्या जागी कर्मचाऱ्यांना जेवू देऊ नये असा नियम फ्रान्सच्या कामगार संहितेत आहे हे मला पुढे कळले, पण त्यांचा हेतू नियमाचा नव्हता. दुपारचे जेवण म्हणजे तासभर एकत्र बसणे, आणि त्या तासात कामाचे बोलणे फारसे निघत नाही. विद्यार्थी-भोजनालयात तेव्हा, २०२३ मध्ये, ३.३० युरोंत पूर्ण ताट मिळत असे : आधीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड आणि पाव. शाकाहारी लोकांनी नुसते ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये; ‘मांस नाही, मासे नाहीत, लार्दाँ नाहीत’ असे स्पष्ट म्हणावे. लार्दाँ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते साध्या दिसणाऱ्या सॅलडमध्येही असतात. बँका आणि अनेक लहान कार्यालये याच वेळेत, बारा ते दोन, बंद असतात. साडेअकरानंतर कोणत्याही कामाला निघू नये, हा धडा मी दोन फेऱ्या वाया घालवून शिकले.

त्याच बाईंशी बोलताना ‘तू’ आणि ‘वू’चा प्रश्न आला. फ्रेंचमधला एकेरी शब्द कानाला आपल्या ‘तू’सारखाच लागतो, आणि ‘वू’ म्हणजे आपले तुम्ही. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांना हा भेद नव्याने शिकावा लागतो, आपल्याला तो घरातूनच मिळालेला असतो. तरीही वाटणी सारखी नाही. फ्रेंच मुले आई-वडील दोघांनाही तू म्हणतात. प्रयोगशाळेत पंचावन्न वर्षांच्या प्राध्यापिका तू. पण माझ्या वयाची बँकेतली मुलगी मात्र वू. वयापेक्षा ओळख महत्त्वाची असते. बाईंनी तिसऱ्या आठवड्यात ‘आपण एकमेकींना तू म्हणू या का?’ असे रीतसर विचारले. मला ते लगेच जमले नाही. महिनाभर मी क्रियापदच येणार नाही अशी वाक्ये रचत होते. त्यांनी तगादा लावला नाही, एवढेच.

ऑक्टोबरच्या शेवटी बाजारात सगळीकडे शेवंती दिसू लागली. दसरा २४ तारखेला होऊन गेला होता. आदल्या वर्षी आईबरोबर मोती चौकातून आणलेल्या फुलांची आठवण ताजी होती, आणि इथे क्रोआ-रूसच्या बाजारात पिवळ्या, पांढऱ्या, जांभळट शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या पाहून मला भरून आले. दोन पिवळ्या कुंड्या घेतल्या, १२ युरोंना. एक स्वतःसाठी, आणि दुसरी तळमजल्यावरच्या वृद्ध शेजारीणबाईंसाठी, कारण माझ्या बॅगा वर चढवताना त्यांनी दार धरून ठेवले होते आणि तेव्हापासून रोज बोंजूर होत होते.

२८ तारखेला, शनिवारी, मी त्यांची घंटी वाजवली आणि कुंडी पुढे केली. त्यांनी कुंडीकडे पाहिले आणि क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग दोन्ही हातांनी ती घेतली, दारातल्या छोट्या टेबलावर ठेवली आणि मला आत बोलावले. सावकाश, मला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितले की फ्रान्समध्ये ही फुले १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, आप्तांच्या कबरीवर ठेवतात. म्हणून कोणी कोणाच्या घरी ती नेत नाही. माझ्या हातापायांतले बळ गेले. मी माफी मागू लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवून विचारले, ‘तुमच्याकडे ही कशासाठी?’ मी सांगितले की आमच्याकडे ती दाराच्या तोरणात असते, देवाच्या गळ्यात असते, बायकांच्या केसांत असते. त्यांनी चष्मा लावला, फोनच्या वहीतले एक पान फाडले आणि माझ्याकडून ‘शेवंती’ हा शब्द देवनागरीत लिहवून घेतला. मग म्हणाल्या की बुधवारी त्या पतीच्या कबरीवर जाणार आहेत आणि या वर्षी हीच कुंडी नेतील, फक्त ती त्यांना जड आहे.

बुधवारी मी कुंडी उचलून त्यांच्याबरोबर क्रोआ-रूसच्या टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. बसमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर शेवंती होती. आत दगडी कबरींवर इतकी फुले होती की ऐन थंडीत ते पटांगण पिवळे-जांभळे दिसत होते, आणि माणसे कबरीवरची पाने वेचत, पाणी घालत, हलक्या आवाजात बोलत होती. बाईंनी कुंडी नीट बसवली, तिचा कागद सोडवून घडी करून पर्समध्ये ठेवला. येताना त्या पहिल्यांदा माझ्या घरच्यांविषयी बोलल्या.

याच बाईंमुळे मला टपालपेटीची गोष्ट आठवली, पण उशिरा. घरभाड्याचे अनुदान मला काफ या संस्थेकडून मिळाले. करार १ सप्टेंबरपासूनचा असला तर हक्क ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि त्याचे पैसे ५ नोव्हेंबरच्या सुमारास येतात. पहिला महिना मिळत नाही. मला दरमहा १८० युरोंच्या आसपास मिळू लागले आणि भाड्याचा भार बराच हलका झाला. आरोग्यविम्याची नोंदणी मी सप्टेंबरमध्येच केली होती. ती विद्यार्थ्यांना मोफत असते आणि तात्पुरता क्रमांक लवकर मिळतो. कायमच्या क्रमांकासाठी जन्मदाखल्याचे भाषांतर मागणारे पत्र मात्र ऑक्टोबरमध्ये येऊन परत गेले होते, कारण माझ्या पेटीवर मी नाव लावलेच नव्हते. फ्रान्समध्ये टपालवाला खोलीचा क्रमांक पाहत नाही, पेटीवरचे नाव पाहतो. शेजारीणबाईंनी त्याच संध्याकाळी कात्री आणि पुठ्ठा काढला आणि मी पूर्ण नाव लिहिले, दत्तात्रयासह. नोंदणीकृत पत्र आले आणि आपण घरी नसलो, तर पेटीत चिठ्ठी पडते आणि पत्र पंधरा दिवस टपाल कार्यालयात राहते. ती चिठ्ठी आणि पासपोर्ट नेला की पत्र मिळते.

मग मी भाषांतरासोबत पाठवायचे पत्र लिहिले. त्याचा शेवट कसा करायचा हे शेजारीणबाईंनी सांगितले : ‘माझ्या विशेष आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करावा ही विनंती’ अशा अर्थाचे ते एक लांबलचक, ठरलेले वाक्य असते आणि कार्यालयाला लिहिलेले पत्र त्याशिवाय उघडे वाटते. मला एकदम आजोबांची पत्रे आठवली : साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आणि शेवटी कळावे, लोभ असावा. कामाची ओळ मध्ये एकच. फोनवर वडिलांना ते फ्रेंच वाक्य अर्थासह वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत की.’ माझी त्या कार्यालयांविषयीची भीती त्या संध्याकाळी बरीच ओसरली. बेकरीतला बोंजूर, घराच्या पाहणीतल्या सह्या, पत्राचा शेवट आणि पूर्ण भरलेली फाइल, या सगळ्यांतून फ्रेंच माणूस एकच गोष्ट मागतो : आधी रीत पाळा, मग मी तुमचा आहे. अपुऱ्या फाइलसमोर कितीही काकुळतीला आले तरी काही होत नाही, आणि फाइल पुरी असली तर गयावया करण्याची गरजच पडत नाही.

१२ नोव्हेंबरची दिवाळी मी चार मराठी मुलींबरोबर खोलीत केली आणि रात्री दहाला आवाज बंद केला, कारण दहानंतर शेजाऱ्यांना त्रास देणे इथे गंभीर समजतात. ज्यांच्याकडे जमायचे ते आधी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावतात. ती आम्हीही लावली होती. खाली दोन शेजाऱ्यांनी ‘शुभ सण’ असे लिहून ठेवले. ८ डिसेंबरला लियों शहर खिडक्यांत दिवे लावते. १८५२ मध्ये फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरी मातेचा पुतळा बसवला तेव्हापासूनची ही चाल आहे. शेजारीणबाईंनी मला रंगीत काचेच्या वाट्यांचे पुडके दिले. आपल्या सवयीने मी ते न उघडता बाजूला ठेवले. त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. इथे भेट देणाऱ्यासमोरच उघडायची असते, नाहीतर आवडली नाही असे वाटते. मी उघडली, आणि त्या वाट्यांच्या शेजारी दिवाळीतल्या उरलेल्या दोन पणत्या खिडकीत लावल्या.

जानेवारीत ताप आला तेव्हा डॉक्टरांची वेळ ऑनलाइन घेतली. डॉक्टर स्वतः दार उघडून प्रतीक्षाखोलीत आले, ‘मादाम दातात्राई?’ असे विचारून हात पुढे केला. वडिलांच्या नावाने मला कोणी हाक मारेल असे आयुष्यात वाटले नव्हते, आणि अंगात ताप असताना ते ऐकून बरे वाटले. फी २६.५० युरो होती. विम्याचे कार्ड नसल्याने त्यांनी कागदी फॉर्म भरून दिला, तो मी टपालाने पाठवला आणि पाच आठवड्यांनी १७.५५ युरो खात्यात परत आले. त्याच भेटीत त्यांना ‘आपले डॉक्टर’ म्हणून नोंदवून घेतले. तसे केले नाही तर परतावा ३० टक्क्यांवर येतो. मार्चमध्ये कायमचा क्रमांक मिळाला, मग फोटो पाठवला आणि एप्रिलमध्ये हिरवे कार्ड आले.

व्हिसा २४ ऑगस्ट २०२४ ला संपत होता. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी चार ते दोन महिन्यांच्या दरम्यान ऑनलाइन करावा लागतो. मी ६ मे रोजी केला. पासपोर्ट, व्हिसाच्या नोंदणीची पावती, गुणपत्रके, पुढच्या वर्षाचा प्रवेश, सहा महिन्यांच्या आतला पत्त्याचा पुरावा, महिन्याला किमान ६१५ युरो उपलब्ध असल्याचा पुरावा आणि ऑनलाइन अर्जासाठी संकेतांक असलेला फोटो, एवढे तेव्हा जोडावे लागले. प्रत्येक कागद वेगळी पीडीएफ करून, नाव देऊन ठेवावा. जुलैच्या मध्यापर्यंत जे मागायचे ते मागून घ्यावे, कारण ऑगस्टमध्ये शहर ओस पडते. आमची बेकरीही तीन आठवडे बंद होती आणि दारावर सुट्टीची तारीख सुवाच्य अक्षरात लावलेली होती. ऑगस्टमध्ये मुदतवाढीचे प्रमाणपत्र मिळाले, सप्टेंबरमध्ये बोटांचे ठसे दिले आणि ऑक्टोबरमध्ये फोनवर संदेश आला. ७५ युरोंचा मुद्रांक घेतला.

१४ ऑक्टोबरला खिडकीपाशी गेले. आतल्या बाई संगणकात काही टंकत होत्या. मी त्यांनी मान वर करेपर्यंत थांबले, बोंजूर मादाम म्हटले, त्यांनी म्हटले, आणि मग फाइल पुढे सरकवली. कार्डावर आधी आडनाव, मग माझे नाव आणि त्यापुढे दत्तात्रय. सही केली, ‘बॉन जुर्ने’ झाले. घरी येताना वाटेत शेवंतीच्या पहिल्या कुंड्या विकायला आलेल्या होत्या. एक घेतली, आणि शेजारीणबाईंना विचारून ठेवले की १ नोव्हेंबरला किती वाजता निघायचे.